दांडी मारा, पैसे भरा

बाळंतपणात नवऱ्याचा उपयोग शून्य असतो. सासऱ्याचा उणे.

लेकीच्या बाळंतपणासाठी जानेवारीत न्यू जर्सीतल्या एडिसनला गेलो. 'गेलो' म्हणजे सौ. गेली. मी तिच्या दोन बॅगांबरोबरची तिसरी. डिंकाला काम होतं, अळिवाला काम होतं, बाळंतशेपांनाही होतं. मला नव्हतं.

बाहेर बर्फ. फूटपाथ असलाच तर त्या बर्फाखाली. चौथ्या दिवशी हॉल ते स्वयंपाकघर अशा माझ्या येरझारांनी घर वैतागलं. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही याच्या जिमला का जात नाही? कार्डावर पाहुणा फुकट आहे."

फुकट!

पेठेत जन्मलेल्या माणसासमोर हा शब्द जरा जपून काढावा.

फुकटाला एक अट निघाली. पाहुण्याबरोबर सभासद हजर हवा. मग जावईबापूंना विचारलं, तुम्ही शेवटचे कधी गेला होता? ते छताकडे पाहत म्हणाले, "मार्चमध्ये." मागच्या? "नाही, त्याच्या मागच्या." म्हणजे बावीस महिने. महिन्याला पंचवीस डॉलर. साडेपाचशे डॉलर गेले, घामाचा एक थेंब नाही.

आकडा रुपयांत करून पाहिला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

"मग बंद का नाही केलं?"

"जायचंय ना, बाबा."

या 'जायचंय ना'वर अमेरिकेत अब्जावधींचा धंदा उभा आहे. मराठीत अशा माणसाला आरंभशूर म्हणतात. आपण त्याचा टोमणा केला, त्यांनी कंपनी काढली.

थट्टा नाही. स्टेफानो डेला व्हिन्या आणि उलरिके माल्मेंडिअर या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या तीन जिमांमधल्या ७,७५२ सभासदांची तीन वर्षांची हजेरी तपासली. निबंध २००६ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'त छापून आला. त्याचं नावच मुळी 'जिमला न जाण्यासाठी पैसे मोजणे'. महिन्याला सत्तर डॉलरहून जास्त भरणारी मंडळी महिन्यातून सरासरी ४.३ वेळा उगवत होती. एका खेपेला सतराहून अधिक डॉलर पडत होते. दहा खेपांचा पास घेतला असता तर? दहा डॉलर.

म्हणजे स्वस्त पडावं म्हणून महिन्याचं कार्ड घेतलं आणि ते महाग पडलं. हे त्यांना कळत नव्हतं का? कळत होतं. पुढच्या महिन्यापासून रोज जायचं होतं.

याच निबंधात आणखी एक मजा आहे. शेवटचं दर्शन देणं आणि कार्ड रद्द करणं यांत सरासरी दोन महिन्यांहून अधिक काळ जातो. देवळात न जाता अभिषेकाची पावती फाडत राहणारे भक्त आपल्याकडेही आहेत. पण त्यांना निदान प्रसाद पोस्टाने येतो.

मग जिममध्ये नक्की विकलं जातं काय? व्यायाम? व्यायाम विकायचा तर यंत्रं लागतात, ती मोडतात, घाम पुसावा लागतो, नळाला गरम पाणी लागतं. त्यापेक्षा संकल्प विकावा. त्याला देखभाल नाही.

'प्लॅनेट फिटनेस' नावाची साखळी आहे. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशरमधल्या डोव्हर गावात सुरू झाली. २०१४ साली अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओवरच्या 'प्लॅनेट मनी' कार्यक्रमाने तिचा हिशेब मांडला. एका शाखेत सरासरी साडेसहा हजार सभासद. बहुतेक शाखांत माणसं मावतात तीनशेच्या आसपास.

पुन्हा वाचा. जागा ३००, तिकिटं ६,५००. गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाडीतही एवढं धाडस कोणी करत नाही.

फरक इतकाच, की कोकणच्या गाडीला सगळे येतात.

जिमवाल्याला कोणाची भीती वाटते? रोज येणाऱ्याची. म्हणून या साखळीत कोणी वजन दाणकन आदळलं, मोठ्याने हुंकार दिला, की भोंगा वाजतो. नवख्यांना बुजल्यासारखं होऊ नये, असं कारण सांगतात. कारण खरंच असेल. पण हुंकार देणारा पहिलवान रोज दोन तास यंत्र अडवतो, आणि बुजरा नवखा फेब्रुवारीनंतर दिसत नाही. धंद्याला कोण परवडतो, सांगा.

त्यात महिन्याच्या पहिल्या सोमवारी पिझ्झा. हो, जिममध्ये. वर्षानुवर्षं ही प्रथा होती.

आणि फी? १९९८ पासून महिना दहा डॉलर. २०२४ मध्ये कुठे नव्या सभासदांना पंधरा केली. पंचवीस वर्षं दर न वाढवणारा धंदा आपण शेवटचा कधी पाहिला होता? त्यात शहाणपण होतं. शंभर डॉलर टोचतात, माणूस रद्द करतो. दहा डॉलर डासासारखे चावतात. माणूस खाजवतो आणि झोपतो.

तर जावईबापूंचे साडेपाचशे डॉलर वसूल करायचं मी ठरवलं. रोज सकाळी सहा वाजता. तेही आढेवेढे न घेता तयार झाले. घरात पंधरा दिवसांचं बाळ असताना! मला वाटलं, माझ्या उत्साहाची लागण झाली.

पहिल्या दिवशी जिमच्या आवारात गाडीने तीन घिरट्या घातल्या. दाराजवळची जागा हवी होती. आमच्या पुढेही दोन गाड्या त्याच घिरट्या घालत होत्या. आत जाऊन सगळे तीन मैल चालणार होते.

दारात एक गोड मुलगा. त्याने मला विचारलं, आज 'आपण' कसे आहोत? मी म्हटलं, मी ठीक आहे, तुमचं मला माहीत नाही. जावईबापूंचं कार्ड मशीनवर टेकवलं तेव्हा मात्र तो दचकला. बावीस महिन्यांनी परत आलेला सभासद म्हणजे कंपनीच्या हिशेबातली चूकच की.

आत गेलो आणि मला माझी आजी आठवली.

प्रत्येकाच्या हातात फवाऱ्याची बाटली आणि कागदी फडकं. यंत्राला हात लावण्याआधी पुसायचं, उतरल्यावर पुसायचं. न पुसता उठलात तर शेजारचा अशा नजरेने बघतो, की जणू आपण कावळा शिवून देवघरात शिरलो. आजीचं सोवळं आम्ही दोन पिढ्या हसण्यावारी नेलं. तिने ते स्टीलच्या पाटीवर लिहून लावलं असतं तर टिकलं असतं.

कपडे बदलायच्या खोलीचं फार सांगत नाही. आपण पंचाच्या आडोशाला अख्खा पोशाख बदलण्यात वाकबगार लोक. तिथे सत्तरीचे गोरे आजोबा दिगंबर अवस्थेत माझ्याशी बर्फावर बोलत उभे राहिले. मी पाच मिनिटं फक्त छतातला दिवा पाहिला. चांगला होता, एलईडी.

ट्रेडमिलवर चढलो. समोर सहा टीव्ही. एकावर बातम्या, एकावर बर्गर, एकावर केक कसा करावा, एकावर पुन्हा बर्गर. घाम निथळणारी तीस माणसं तल्लीन होऊन केकवर क्रीम फासताना बघत होती. भूक आणि भीती एकाच भिंतीवर.

या यंत्राची कुळकथा ठाऊक आहे? १८१८ मध्ये विल्यम क्युबिट या इंग्लिश अभियंत्याने तुरुंगांसाठी पायचक्की काढली. कैद्यांनी तासन्‌तास पायऱ्या चढत राहायच्या, पोहोचायचं कुठेच नाही. ऑस्कर वाइल्डच्या नशिबीही १८९५ मध्ये ती आली. १८९८ च्या तुरुंग कायद्यानंतर ब्रिटनने ही शिक्षा गुंडाळली. फार अमानुष म्हणून.

आता त्याच प्रकाराला पंचवीस डॉलर पडतात. वर पाहुणा फुकट.

आणि कैद्यांची एक बाजू वरचढच होती. काही तुरुंगांत त्या चक्कीवर धान्य दळलं जाई. माझ्या चाळीस मिनिटांतून पसाभर तरी पीठ निघालं असतं, तर घरात माझी किंमत वाढली असती. निघाला तो फक्त आकडा. १४२ कॅलरी. घरी येऊन सौ.ला विचारलं, डिंकाच्या एका लाडवात किती असतात गं? ती म्हणाली, "मोजून खायचा असेल तर खाऊ नका. बाळंतिणीचे आहेत."

दोन खाल्ले. मोजलेच नाहीत.

तिसऱ्या दिवशी ट्रेडमिल मोकळी नव्हती. म्हणून चटईवर गेलो आणि सवयीने जोर मारायला लागलो. लहानपणी पेठेतल्या तालमीत जायचो, त्यातलं शरीरात उरलेलं एवढंच. दहा झाले आणि दम लागला. वर पाहतो तर दंडावर ड्रॅगन गोंदवलेला एक तरुण भक्तिभावाने उभा.

"हिंदू पुशअप! कोणत्या कोचकडे शिकलात?"

म्हटलं, आमचे वस्ताद होते. चुकलं की पोटरीवर काठी बसायची.

"ऑसम! तासाला किती घ्यायचे?"

म्हटलं, काही नाही. गुरुपौर्णिमेला नारळ.

त्याने मान डोलावली. व्यायामानंतर नारळपाणी उत्तमच, असं म्हणाला.

वस्तादांची खरी गंमत त्याला सांगायची राहिली. दोन दिवस दांडी मारली की तिसऱ्या संध्याकाळी ते घरी यायचे. आईसमोर उभे राहून विचारायचे, "पोरगं आजारी आहे का?" आणि आजारी नसलेलं पोरगं पलंगाखालून निघायचं. पैसा न घेणारा माणूस पोराने यावं म्हणून जिना चढायचा. पैसे घेणारा मनात म्हणतो, येऊ नकोस बाळा, हप्ता तेवढा येऊ दे.

त्याच कोपऱ्यात एका घडवंचीवर मुगदलांची जोडी होती. पाटी 'इंडियन क्लब्ज'. बाजूला लोखंडी गदा, तिचं नाव 'स्टील मेस'. मारुतीच्या खांद्यावरची वस्तू पाहून मी नकळत हात जोडणार होतो. तेवढ्यात एका मुलीने ती फवाऱ्याने पुसली.

हे मुगदल एकोणिसाव्या शतकातच बोटीने गेले. गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानात पाहिले, विलायतेला नेले, तिथून ते अमेरिकेत पोहोचले. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये मुगदल फिरवण्याची चक्क स्पर्धा होती. १९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये सुवर्णपदक मिळवलं जॉर्ज रॉथने. मंदीचे दिवस, रॉथ बेकार. पदक खिशात घालून तो स्टेडियमबाहेर आला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना अंगठा दाखवत घरी गेला, असं सांगतात.

आज असता तर घरी पोहोचेपर्यंत त्याने ऑनलाइन कोर्स काढला असता.

चटईच्या बाजूला योगाची मांडणी. मांडणीवर फोमच्या विटा आणि पट्टे. या विटेचा पत्ता मला ठाऊक होता. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले. आसनं प्रत्येकाला जमावीत म्हणून त्यांनी विटा, पट्टे, खुर्च्या, दोर वापरात आणले. जगभरच्या जिममध्ये दिसणारी ही वीट पुण्याच्या हातची आहे. मॉडेल कॉलनीत त्यांची संस्था १९७५ पासून आहे. परदेशातून लोक आधीपासून नाव नोंदवून तिथे येतात. मी त्या रस्त्यावरून चाळीस वर्षं स्कूटरवरून गेलो.

आत? जायचंय ना.

पण योगासारख्या फुकटच्या गोष्टीचा अमेरिकेत जीव गुदमरतो. तिला किंमत लावल्याशिवाय चैन पडत नाही. बिक्रम चौधरींनी तापवलेल्या खोलीतल्या आपल्या २६ आसनांवर मालकी सांगितली. अखेर २०१५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाला सांगावं लागलं, की बाबा, आसनांच्या क्रमाला कॉपीराइट नसतो. त्यानंतरच्या वर्षी ऑरेगनमध्ये शेळीयोग निघाला. आपण आसन करायचं, शेळी पाठीवर चढणार. तिकीट माणसाला.

आमच्या गावाकडे शेळी पाठीवर चढली तर राखण्याला शिव्या बसतात.

बाहेर पडताना काउंटरवर डबे. व्हे प्रोटीन. व्हे म्हणजे काय, ते डब्यावर बारीक अक्षरांत. चीज करताना उरणारं पाणी हो. एकेकाळी चीजवाले ते डुकरांना पाजत, नाहीतर ओढ्यात सोडून देत. मग कोणाला तरी ते वाळवायची बुद्धी झाली. पनीर करून उरलेल्या त्याच पाण्यात सौ. कणीक भिजवते, कारण टाकवत नाही. म्हणजे गेली कित्येक वर्षं आम्ही प्रोटीन पोळ्या खातोय. हे मी तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "येताना दूध आणा."

जावईबापूंच्या मनगटावर घड्याळ. रोज दहा हजार पावलं झाली की ते थरथरतं आणि फटाके उडवतं. दहाच हजार का? आठ का नाहीत? कोणत्या वैद्यकशास्त्राचा हा आकडा? कोणत्याच नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं. नाव ठेवलं 'मान्पो-केइ', म्हणजे दहा हजार पावलांचं मोजमाप. नाव खपलं, आकडा डॉक्टरांच्या तोंडी बसला. २०१९ मध्ये वयस्कर स्त्रियांवरचा एक अभ्यास आला. फायदा साडेसात हजारांच्या आसपास थांबतो, म्हणाला.

घड्याळांनी तो वाचलेला नाही.

आणि पहाटे तीन वाजता बाळाला खांद्यावर घेऊन झुलवलं, की घड्याळ तीही पावलं धरतं. एका रात्री जावईबापू न चालता दीड मैल गेले.

आता श्रीमंतांकडे वळू. तिकडे 'इक्विनॉक्स' नावाची उंची साखळी आहे. २०२३ च्या १ जानेवारीला तिने नवे सभासद घ्यायला नकार दिला. जाहिरात अशी, की आम्ही 'जानेवारी' ही भाषा बोलत नाही. संकल्पवाल्या हौशागवशांनी दुसरीकडे जावं. गिऱ्हाइकाला हाकलून भाव वाढवायची ही कला पुण्यातल्या दुकानदारांनी पेटंट करायला हवी होती. दुपारी एक ते चार.

याच साखळीने २०२४ मध्ये वर्षाला चाळीस हजार डॉलरची एक योजना काढली. रक्त तपासणार, आहार सांगणार, व्यायाम करवणार. त्यात झोपेसाठीही स्वतंत्र मार्गदर्शक.

झोप शिकवायला माणूस! मी खूप हसलो. तेव्हा मला पुढचं माहीत नव्हतं.

मध्यंतरी व्यायामच घरी मागवायची लाट आली. टाळेबंदीत 'पेलोटन'च्या पडदावाल्या सायकली दारोदार गेल्या. जानेवारी २०२१ च्या सुमारास कंपनीची बाजारातली किंमत पन्नास अब्ज डॉलरच्या घरात पोहोचली. पुढच्याच वर्षी त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त उतरली. इतकं वजन इतक्या वेगाने कोणत्याच गिऱ्हाइकाचं उतरलं नसेल. लेकीच्या शेजाऱ्यांकडे, तळघरात, तशीच एक सायकल पाहिली. हँडलवर टॉवेल, सीटवर मोजे. कपडे मात्र छान वाळतात, असं शेजारीणबाई म्हणाल्या.

त्यानंतर आली सुई. २०२१ मध्ये वजन उतरवायला 'वेगोव्ही'ला मंजुरी मिळाली. आठवड्याला एक टोचा, भूक गायब. आता जिमवाले बसणार, असं वाटलं? छे! 'लाइफ टाइम' नावाच्या साखळीने स्वतःच दवाखाना थाटला आणि सुईचीही सोय केली. बसली ती 'वेट वॉचर्स'. १९६३ पासून लोकांचं वजन उतरवणाऱ्या कंपनीला स्वतःच्या कर्जाचं वजन पेलवेना. मे २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

इकडे आमची वसुली जोरात होती. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत ट्रेडमिलला रांग. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रांग संपली. दुसऱ्या आठवड्यात गाडी थेट दारासमोर लागली. आत यंत्रं रिकामी, दिवे लखलखीत, टीव्हीवरचा केक बघायला माणूस नाही. मला वाटलं, धंदा बुडाला.

दारातला मुलगा मात्र शीळ घालत होता.

त्याच आठवड्यात मी जावईबापूंना शोधत आतल्या बाजूला गेलो. रोज आत आलो की मी चटईकडे आणि ते कुठेतरी आत, असं चाललं होतं. वजनं उचलत असतील, अशी माझी समजूत. मागे एक अंधारी खोली. दारावर 'काळ्या कार्डवाल्यांसाठी' अशी पाटी. जावईबापूंचं कार्ड त्यातलंच. आत अंग चेपून देणाऱ्या खुर्च्या, सात-आठ. पाचांत माणसं. जावईबापू तिसऱ्या खुर्चीत, तोंड उघडं. खुर्चीचं चेपणं केव्हाच थांबलेलं, घोरणं चालू. शेजारच्या खुर्चीतही तसाच एक तरुण बाप. त्याच्या खांद्यावर वाळलेल्या दुधाचा पांढरा डाग.

मी दार हळूच लोटलं आणि आणखी वीस जोर मारले. पहिल्यांदाच कोणी पाहिले नाहीत.

मार्चमध्ये परतीची तिकिटं निघाली. जाण्याआधी एक तरी सत्कृत्य करावं म्हणून ते कार्ड रद्द करायचं मनावर घेतलं. कार्ड घेताना काय लागलं होतं? जावईबापू म्हणाले, फोनवर दोन मिनिटं. आणि सोडताना? आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, मॅनेजर असेल त्या वेळेत, स्वतः हजर राहायचं. नाहीतर सहीचं पत्र पोस्टाने पाठवायचं.

लग्नही इतकं सोपं होत नाही आणि घटस्फोटही इतका अवघड नसतो.

सरकारने काही केलं नाही का? केलं की. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या संघीय व्यापार आयोगाने नियम पक्का केला. जितक्या सहज सभासद होता येतं तितक्याच सहज बाहेर पडता यायला हवं. साधी गोष्ट. जुलै २०२५ मध्ये तो लागू व्हायला काही दिवस उरले असताना अपील न्यायालयाने तो रद्द केला. नियम वाईट म्हणून नव्हे. तो करताना एक आर्थिक पाहणी करायची राहिली म्हणून. पुढच्याच महिन्यात आयोगाने एका बड्या जिमसाखळीवर याच छळाबद्दल खटला भरला.

म्हणजे सरकारलाही जिमचं कार्ड सुटता सुटत नाही.

पत्र मीच लिहिलं. बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला पत्राचं काय कौतुक? वर विषय, खाली संदर्भ, मध्ये 'सविनय'चं इंग्रजी. जावईबापूंची सही घेतली. पाकीट चिकटवलं, पोस्टाचं तिकीट लावलं. सकाळी सहाला गाडीत बसताना ते खिशात होतं. वाटेतल्या निळ्या पेटीत टाकायचं होतं.

पेटी आली. जावईबापूंनी गाडी थांबवली नाही.

"बाबा, राहू दे ते."

"अहो, आता मी चाललो. तुम्ही एकटे जाणार आहात थोडेच?"

"जाणार."

"व्यायामाला?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. वायपरने काचेवरचा बर्फ दोनदा झटकला. मग म्हणाले, "बाबा, घरी दर दोन तासांनी उठावं लागतं. तिथे कोणी उठवत नाही. सलग पाऊण तास. महिना पंचवीस डॉलर. तुम्हीच हिशेब करा."

केला. रोजचा एक डॉलरही पडत नव्हता.

आवारात गाडी दारासमोर लागली. ते तडक मागच्या खोलीकडे गेले. मी चटईवर बसून पत्राचे चार तुकडे केले. पाकिटावरचं तिकीट तेवढं ओल्या फडक्याने अलगद सोडवून घेतलं.

जिमचंच फडकं. फुकट होतं.